लाल पट्ट्यावरचा देव्हारा

काम म्हटलं तर एवढंसंच होतं. जुन्या देव्हाऱ्याला वाळवी लागली होती, तो काढून नवा बसवायचा. तैवानमधल्या ताइनान शहरात असली कामं रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी होतात आणि त्यावर कुणी गोष्ट लिहीत बसत नाही. पण याओसाहेबांचा देव्हारा जायचा होता तिसऱ्या मजल्यावर, कारण देवाच्या आणि पूर्वजांच्या डोक्यावरून माणसांनी चालायचं नसतं. आणि त्यांचा जिना इतका अरुंद, की मागे एकदा त्यात कपड्यांचं कपाट अडकलं, तेव्हा दोन दिवस घरातली माणसं कपाटाच्या दारातून आत शिरून पाठीमागून बाहेर पडत होती. देव्हाऱ्याची अशी विटंबना करणं शक्य नव्हतं. म्हणजे क्रेन आली. आणि क्रेन आली म्हणजे ती उभी कुठे करायची हा प्रश्न आला.

गल्लीच्या दोन्ही कडांना नगरपालिकेनं लाल पट्टा मारला होता. लाल पट्टा म्हणजे गाडी उभी करणं तर सोडाच, क्षणभर थांबवायचीही नाही. गल्लीच्या तोंडाशी थोडा पिवळा पट्टा होता. तिथे चालकानं जागेवर बसून राहायचं आणि तीन मिनिटांत माल उतरवून निघायचं. तीन मिनिटांत ताइनानच्या माणसाचं 'काय, जेवलात का?' एवढंच विचारून होतं. त्यामुळे पूर्वी सगळी गल्ली लाल पट्ट्यावर बिनदिक्कत माल उतरवायची आणि पोलीसही तिकडे काणाडोळा करायचे.

दोन वर्षांपूर्वी ही सुखाची व्यवस्था मोडली. एकेकाच्या घरी दंडाच्या पावत्या येऊ लागल्या. पावतीवर फोटो, फोटोत गाडीचा नंबर, चाकाखाली लाल पट्टा आणि कोपऱ्यात तारीख-वेळ. कुणीतरी गुपचूप फोटो काढून पोलिसांच्या वेबसाइटवर तक्रारी टाकत होतं. तक्रार करणाऱ्याचं नाव पोलीस कधी सांगत नाहीत. त्यामुळे गल्ली त्याला नुसतं 'तो' म्हणायची.

'तो' म्हणजे स्वतः याओसाहेब.

याओसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. एकतीस वर्षं त्यांनी मासेवाल्यांचे तराजू तपासले होते. निरोप समारंभात खात्यानं त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते दिवसाला दीड मिनिट मागे पडतं हे लक्षात आल्यावर साहेबांनी ते रीतसर अर्ज जोडून परत पाठवलं. असा माणूस निवृत्त झाला म्हणून काय नियम निवृत्त होतात? तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमागे उभे राहून ते समाजसेवा करत. त्यात दुष्टावा नव्हता. एखाद्याला वाकडी तसबीर दिसली की हात शिवशिवतात, तसं त्यांचं होई.

त्रास एवढाच होता, की गल्लीतला जो तो 'त्या'ला शिव्या घालायचा आणि संशय नको म्हणून याओसाहेबांनाही घालाव्या लागायच्या. एकदा ते नुसतंच "बरा नाही हो तो माणूस" म्हणाले, तर सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. तेव्हापासून ते चांगल्या कचकचीत शिव्या द्यायला शिकले होते. स्वतःला रोज नालायक म्हणून घ्यायचं आणि वर इतरांनी 'वा, बरोबर बोललात' म्हणायचं, हे सोसायला मोठं मन लागतं.

पण गल्लीचं एक वेळ चालून गेलं असतं. खरी भीती घरातच होती. त्यांच्या पत्नी बाओ-यून यांचा धाकटा भाऊ आ-खुन दर उन्हाळ्यात गावाकडून आंब्यांच्या पेट्या घेऊन येई. लागोपाठ दोन वर्षं त्याला पावती गेली. मेहुणा झाला म्हणून कायदा वाकवायचा का, असा प्रश्न याओसाहेबांनी स्वतःला गॅलरीत उभं राहून विचारला होता आणि बटण दाबलं होतं. दुसरी पावती आल्याचं कळलं त्या दिवशी बाईंनी त्यांच्यापुढे आंब्याची बशी ठेवली आणि म्हणाल्या, "तो मला सापडू दे एकदा. त्याला याच सुरीनं सोलते. खा, गोड आहे."

याओसाहेबांनी तो आंबा कसा गिळला ते त्यांचं त्यांना ठाऊक.

तर देव्हारा. पंचांगवाल्यानं मुहूर्त काढून दिला तो नवव्या चांद्रमहिन्यातल्या एका मंगळवारचा, सकाळी नऊ ते अकरा. तो हुकला तर थेट पुढच्या वसंतात. याओसाहेब नियमानं वागणारे, तेव्हा त्यांनी परवानगीचा अर्ज केला. सोबत गल्लीचा नकाशा जोडला. क्रेन निळ्या रंगात, पट्टे लाल, पादचारी हिरव्या ठिपक्यांनी. चौकीतला तरुण हवालदार तुंग बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला.

"फार सुंदर आहे साहेब. फ्रेम करायला हवा."

"आणि परवानगी?"

"देतो की. दुपारी दोन ते पाच."

"मुहूर्त सकाळी नऊचा आहे."

"सकाळी बाजाराची वेळ. बारापर्यंत परवानगी देता येत नाही."

"अहो, पण देव..."

"देवांना दुपारी यायला सांगा ना," तुंग निरागसपणे म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.

घरी बाईंनी तो कागद वाचला. "देवांना सांगा? त्या पोराला कुणी आईबाप आहेत की नाही? अहो, तुम्ही एकतीस वर्षं सरकारात होतात ना? मग सरकारला सांगा, सरकायला!"

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. लियाओ अम्मांची तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वाट्यांची गाडी हे गल्लीचं सभागृह. अम्मांचं वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज चाळिशीतला. तिथे याओसाहेबांना बसवून सल्ले सुरू झाले. वॉर्डप्रमुख श्वे छातीवर हात ठेवून म्हणाले, "लावा हो क्रेन बिनधास्त. देवाच्या कामाला कोण हरकत घेतंय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे, 'तो' सोडून."

"नंबरप्लेटवर ओलं फडकं टाका," न्हावी होंग म्हणाला. "विसरून राहिल्यासारखं."

"तो वेगळा गुन्हा आहे," याओसाहेब पटकन म्हणाले. "दंड जास्त." आणि लगेच जीभ चावली.

"बघा, साहेबांना सगळं पाठ," होंग कौतुकानं म्हणाला.

"फडकंबिडकं काही नको," अम्मांनी निकाल दिला. "सगळ्यांनी छत्र्या घेऊन क्रेनभोवती उभं राहायचं. नंबरच दिसला नाही तर मेला फोटो कशाचा काढील? आणि होंग, तू नाक्यावर उभा राहा. कुणी मोबाइल वर केलेला दिसला की धर त्याची मानगूट."

"धरतो की! गरम पाण्याचा डबाच घेऊन उभा राहतो."

याओसाहेबांनी हातातला चमचा वाटीत ठेवला. "इतकं कशाला," ते क्षीणपणे म्हणाले, "मला नाही वाटत तो त्या दिवशी काही करील."

"तुम्ही फार भोळे आहात," अम्मा म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत आणखी एक चमचा लसणाचा रस घातला.

मंगळवारी नऊला पाच मिनिटं असताना क्रेन आली आणि लाल पट्ट्यावर अशी ऐसपैस बसली, की पट्टा दिसेनासाच झाला. तिच्याभोवती पंधरा-वीस छत्र्या उघडल्या. आकाश निरभ्र, ऊन कडक आणि गल्ली छत्र्या धरून उभी. देव्हारा म्हणजे दोन माणसं उंचीचा लाकडी डोलारा, त्यावर ड्रॅगन, कमळं आणि ढग कोरलेले. तो दोरांनी बांधत असतानाच याओसाहेबांना मागून ट्रक मागे घेतल्याचा पीं-पीं आवाज ऐकू आला.

क्रेनच्या मागे एक टेम्पो येऊन थांबला. लाल पट्ट्यावर. त्यातून अम्मांच्या गाडीसाठी स्टीलचं नवंकोरं टेबल उतरलं.

"आजच आलं का हो?" याओसाहेबांनी विचारलं.

"योगायोग," अम्मा म्हणाल्या.

मग होंगच्या दुकानासाठी दोन खुर्च्या आल्या. त्या टेम्पोवाल्यानं गाडी बंद करून चहासुद्धा मागवला. वॉर्डप्रमुखांच्या घरी पाण्याची टाकी आली. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं कापड आलं, कुणाचा फ्रीज आला. पलीकडच्या कडेला एकानं मोटार चक्क धुवायला काढली. दोन वर्षं अडलेला माल आज सोडला असावा, अशी ती गल्ली दोन्ही कडांनी भरून वाहत होती. याओसाहेबांचा उजवा हात आपोआप खिशाकडे जाई आणि ते डाव्या हातानं तो धरून ठेवत. एका दृष्टिक्षेपात अकरा गुन्हे, सगळे स्पष्ट, सगळ्यांचे नंबर समोर. आणि फोटो काढावा तर प्रत्येकात आपलीच क्रेन.

"अहो, खाली काय बघताय?" बाई वरून ओरडल्या. "वर बघा!"

वर देव्हारा गॅलरीसमोर लोंबकळत गरगर फिरत होता. तो आत जाईना. माप याओसाहेबांनी स्वतः घेतलं होतं, तीनदा घेतलं होतं, पण गॅलरीची लोखंडी जाळी काढल्यावर तिची चौकट भिंतीतच राहते हे त्यांनी धरलंच नव्हतं. वजनमापे खात्याच्या निवृत्त निरीक्षकाचं माप चार बोटांनी चुकलं होतं आणि ते सगळी गल्ली छत्र्या तिरप्या करून पाहत होती.

"चार बोटं साहेब," क्रेनवाला म्हणाला, "मासेवाल्याला तुम्ही यावर सोडलं असतं का?"

होंग नाक्यावरचं काम टाकून करवत घेऊन वर धावला. चौकट कापेपर्यंत साडेदहा झाले. एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी पोलिसाची स्कूटर दिसली. हवालदार तुंग. छत्र्या गप्प झाल्या. तुंगनं लाल पट्ट्यावरची ती जत्रा पाहिली, मग मान वर केली. वर हवेत साक्षात देव्हारा. त्यानं हेल्मेट काढलं, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि स्कूटर वळवून निघून गेला.

अकराला सहा मिनिटं असताना देव्हारा आत सरकला. खालून वरपर्यंत आरोळी उठली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगायचं तर याओसाहेबांच्याही. दोराला कुणाकुणाचे हात लागले होते ते त्यांनी पाहिलं होतं. त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी दंड लावला होता.

दुपारी जिन्यात, दारात, जागा मिळेल तिथे बसून सगळ्यांनी लाल मोदकांसारख्या, पण कासवाच्या आकाराच्या मिठाईचा प्रसाद खाल्ला. अम्मा तोंड पुसत सहज म्हणाल्या, "आता काय, पंधरा दिवसांत कळेलच."

"काय कळेल?" बाईंनी विचारलं.

"अगं, पावत्या आल्या तर तो बाहेरचा. पण आज इतक्या गाड्या लागल्या आणि एकही पावती आली नाही, तर मग तो इथलाच. आपल्यातच बसून प्रसाद खातोय."

"असा असेल तर मला आधी सांगा," बाई म्हणाल्या. "आ-खुनलाही बोलावून घेते."

याओसाहेबांच्या घशात कासव अडकलं.

रात्रभर विचार करून त्यांना एकच मार्ग दिसला. स्वतःविरुद्ध तक्रार करायची. तक्रार करायला सात दिवसांची मुदत होती. पण त्यांच्याकडे फोटो कुठे होता? शेवटी त्यांनी गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर 'आठवण म्हणून' फोटो मागितले. चाळीस आले. त्यात छत्र्या, हसणारे चेहरे, अम्मांचं टेबल, विजयी मुद्रेनं करवत धरलेला होंग. दोन वर्षांत प्रथमच याओसाहेब फोटोतल्या गाड्यांऐवजी माणसांकडे पाहत बसले. आणि प्रथमच त्यांनी दहा गुन्हे सोडून दिले. तक्रार फक्त क्रेनविरुद्ध केली. दंड क्रेनवाल्याऐवजी आपणच भरायचा हेही ठरवून टाकलं. एक पावती आली तरी गल्लीचा संशय फिटेल, असा हिशेब.

आठव्या दिवशी उत्तर आलं. 'सदर वाहनास सदर वेळी परवानगी असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

याओसाहेब तडक चौकीत गेले. तुंगनं उठून त्यांना खुर्ची दिली.

"परवानगी दुपारची होती," ते म्हणाले.

"हो, पण मी घरी आजीला सांगितलं ना! तिनं मला जेवूच दिलं नाही. देवांना दुपारी बोलावतोस म्हणून. मग आमच्या वरच्या साहेबांना विचारून मी तुमची वेळ आठ ते बारा करून घेतली. सुधारित पत्र पोस्टात टाकलंय. मिळालं नाही अजून?"

"हे बेकायदेशीर आहे!"

"परवानगी देणं?"

"मला दंड करा," याओसाहेब हात जोडून म्हणाले. "हवं तर क्रेन आत शिरण्याआधी गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पट्ट्यावर तीनऐवजी पाच मिनिटं थांबली होती, तेवढ्याचा करा. पण एक पावती द्या हो."

तुंगनं टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांच्यापुढे सरकवला. "साहेब, दंड नको म्हणून रोज दहा माणसं रडतात इथे. तुम्ही पहिलेच. बरं वाटत नाहीये का?"

पावती मिळाली नाही. पंधरावा दिवस उजाडला. बाई देवळात गेल्या होत्या, ती वेळ साधून याओसाहेब अम्मांच्या गाडीशी आले. होंग तिथे होता, वॉर्डप्रमुख होते, शिंपीणबाई होत्या. नव्या स्टीलच्या टेबलावर सगळ्यांच्या वाट्या मांडलेल्या.

"नाही आली एकही," अम्मा म्हणाल्या. "क्रेनला परवानगी होती म्हणे. मग माझ्या टेम्पोला कुणी दिली होती?"

याओसाहेबांनी बरंच काही पाठ करून आणलं होतं. कायदा, सार्वजनिक हित, रस्त्याची रुंदी. त्यातलं काहीएक आठवलं नाही. "तो मी आहे," ते म्हणाले. "दोन वर्षं मीच. तुम्ही माझा देव्हारा वर चढवलात आणि मी... काय बोलायचं ते बोला."

होंगनं मिरचीची वाटी पुढे ओढली.

"बसा," अम्मा म्हणाल्या. "गार होतंय."

"अम्मा, मी म्हटलं ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. अहो, पावतीवरचे फोटो सगळे वरून काढलेले. गल्लीत तिसरा मजला किती जणांना आहे? आम्हाला वर्ष झालं कळून."

"मग... मग तुम्ही सगळ्यांनी त्याच दिवशी माल..."

"मग कुठल्या दिवशी आणायचा?" होंग म्हणाला. "तुमची क्रेन उभी असताना तुम्ही थोडाच फोटो काढणार?"

याओसाहेब मटकन खाली बसले. वर्षभर ही माणसं आपल्याला समोर बसवून शिव्या देत होती, आणि त्या आपण मान डोलावून घेत होतो, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात येत गेलं. "बोलला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"बोलणार होतो," अम्मा म्हणाल्या. "पण गेल्या थंडीत माझ्या म्हाताऱ्याला न्यायला अँब्युलन्स आली ती थेट दारापर्यंत. आधी कधी आली होती? म्हटलं, असू दे. शिव्या तोंडावर देतोच आहोत." त्यांनी याओसाहेबांपुढे वाटी ठेवली. "आम्ही सगळे जाणतो, याओसाहेब. फक्त बाओ-यूनला माहीत नाही."

वॉर्डप्रमुखांनी घसा साफ केला. "आणि कळण्याचं कारणही नाही. आमचं म्हणणं एवढंच आहे, की आठवड्यातून दोन तास माल उतरवायला मिळावेत. आम्ही चर्चा करून मंगळवार सकाळ ठरवली आहे. नऊ ते अकरा. मुहूर्तही चांगला आहे."

याओसाहेबांना आंब्याची सुरी आठवली. त्यांनी मुकाट्यानं वाटी उचलली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला.

हल्ली बाओ-यूनबाई भेटेल त्याला कौतुकानं सांगतात, की नवा देव्हारा आला आणि यांच्यात केवढा फरक पडला. पूर्वी कधी उदबत्ती लावायचे नाहीत. आता दर मंगळवारी नऊला बसतात ते अकरापर्यंत डोळे मिटून, गॅलरीकडे पाठ करून. खाली आभाळ कोसळलं तरी उठत नाहीत. आ-खुनलाही त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, आंबे आणशील ते मंगळवारीच आण, फार शुभ वार आहे. परवा बाई शेजारणीला हे दाखवायला दारात घेऊन आल्या, तेव्हा खालून एकामागून एक तीन ट्रक मागे घेतल्याचा आवाज येत होता, आणि याओसाहेब देवासमोर हात जोडून, दोन्ही तळवे एकमेकांवर गच्च दाबून बसले होते.

"बघा," बाई हळूच म्हणाल्या, "कशी तल्लीन होऊन थरथरतात बोटं."